मथुरेच्या हळदीचा रंग उतरला त्याची बखर

श्रीसूर्यनारायण समर्थ, ज्याचे उजेडावाचून रंग ऐसी वस्तूच नाही. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरी, मार्गशीर्षमासी एका राज्यात (नाव लिहीत नाही, लिहिले तर चौघे भांडावयास येतील) सुभानराव चित्रनवीस म्हणोन लग्नकार्याचे फोटो काढणारे असामी होते. त्यांची भाची मथुरा, आईवेगळी, त्यांचेच घरी वाढली, तिचे लग्न माघमासी नेमिले आणि राव बोलिले, "मामाचा आहेर म्हणजे अल्बम. सासरी चारचौघांत उघडशील तेव्हा तुझे माहेर दिसले पाहिजे." आणि पदरी लॅपटॉप होता त्याचा पडदा ताटलीएवढा, नेत्र शिणतात, म्हणोन थोर मॉनिटर आणून त्यास जोडावा ऐसा मनसुबा जाहला, मग स्वारी पेठेत दामोदरशेटीचे दुकानी दाखल जाहली.

तेथे मॉनिटरांची फौज भिंतीस उभी, सगळे उजेडाने पेटलेले, आणि मध्ये एकच मंद. शेट बोलिले, "राव, फोटोचे काम असेल तर हा मंद न्या. छापून जे येणार तेच हा दाखवितो." राव हसोन बोलिले, "हा तर उपाशी दिसतो, शेट. शेजारचा द्या." शेट बोलिले, "तो गिऱ्हाईक ओढावयास ठेविला आहे." "मग ओढले की," ऐसे बोलोन रावांनी भगभगीत मॉनिटर घरी आणिला. दरबार असो की दुकान, जो मोठ्याने ओरडेल त्यासच शहाणा मानावयाची या राज्याची खोड जुनी. चित्रनवीस तरी निराळे कोठून निपजावे?

मग लग्न जाहले आणि फोटो मॉनिटरावर मांडिले, तो हळदीच्या फोटोंत मथुरा ऐसी पिवळी दिसो लागली की जैसा झेंडूचा ढीग. रावांचे कुटुंब गोजराबाई चहा घेऊन आल्या त्या पाहोन बोलिल्या, "अहो, हळद मी माझ्या हातांनी कालवली. एवढी भडक नव्हती. लॅपटॉपवर बघा, तिथं बरोबर दिसतेय." राव बोलिले, "त्या ताटलीस काय कळते?" आणि पिवळा उतरविला, आणि आणखी उतरविला, आणि मॉनिटरावर हळद हळदीसारखी दिसली तेव्हा समाधान पावले. लॅपटॉप जुना कारभारी, खरे सांगत होता, त्याचे कोणी ऐकिले नाही. आधी एक फोटो छापून पाहावा एवढी अक्कल केस पिकले तरी सुचली नाही. सुचली असेल तर गर्वाने दाबिली.

पुढे चैत्र उजाडला. मथुरेच्या सासरी हळदीकुंकवास बायका जमल्या, राव सहकुटुंब गेले, आणि छापखान्यातून अल्बम परस्पर तेथेच येऊन पोहोचला तो सर्वांदेखत उघडिला. हळदीचे पान आले. मथुरेच्या गालांस, हातांस, कपाळास राखाडी रंग. सासूबाई बोलिल्या, "का गं मथुरे, तुझ्या माहेरी हळद लावतात की चुलीतली राख फासतात?" बायका पदर तोंडास लावोन हसल्या. मथुरा बोलिली, "मामींनी लावली ती हळदच होती, सासूबाई," आणि अल्बम मिटिला. मामाकडे पाहिले नाही. पाहिले असते तर बरे होते, ऐसे राव पुढे कित्येक दिवस मनाशी घोकीत राहिले.

मग राव मुकाट्याने तो मंद मॉनिटर घेऊन आले, आणि सारे रंग नव्याने बसविले, एकेक पान छापून पारखिले, आणि ज्येष्ठमासी नवा अल्बम घेऊन मथुरेच्या दारी उभे राहिले. तिने पाणी दिले, अल्बम घेतला, फळीवर ठेविला. राव बोलिले, "पोरी, उघडून तरी बघ." ती बोलिली, "बघेन ना मामा. पण दाखवू कोणाला? बघायचं त्यांनी बघून झालं. आता मला इथं राखेची सून म्हणतात. रागानं नाही हो, थट्टेनं. मीही ओ देते." राव पायरी उतरले.

सारांश, रंग पुन्हा छापिता आला, पोरीस पडलेले नाव खोडिता आले नाही. मॉनिटरास दोष देऊ नये. निवडणारे डोळे मामाचे होते. घडले तैसे लिहिले, इति.