किमान एक

श्रीपतीअण्णा प्रश्न वाचायच्या आधीच उत्तरं काटायला घेतात.

बेंगळुरातल्या राजाजीनगरच्या आमच्या इमारतीत ते खालच्या मजल्यावर राहतात, एकटेच. विमा कंपनीतून निवृत्त झालेत. माझी मुग्धा बारावीला, सीईटीच्या तयारीत, आणि संभाव्यतेपुढे आम्ही मायलेकींनी केव्हाच हात टेकलेले. पिशवीत इतके लाल चेंडू, इतके निळे, न बघता दोन काढले. अरे, पण न बघता काढायचेच कशाला? क्लासच्या सरांनी जेव्हा ‘हा धडा सोडून दे’ असा सल्ला दिला, तेव्हा माझं डोकं फिरलं आणि मी तिला अण्णांकडे पाठवलं.

अण्णांच्या कितीतरी पिढ्या इथेच गेल्या. आम्हा पुणेकरांना त्यांचं मराठी जरा वेगळं वाटतं. “स्वल्प थांब गं. काय आहे ते राहू दे, काय नाही ते बघ,” हे त्यांचं पालुपद. चार पर्यायांत शून्य किंवा एक दिसला की पेन्सिलीने तो आधी उडवायचा. शून्य म्हणजे होणारच नाही, एक म्हणजे होणारच. इतकं पक्कं असतं तर परीक्षेत विचारतील कशाला, असं त्यांचं म्हणणं. डॉक्टरांनी एकदा पोटदुखीची चार कारणं सांगितली, तर अण्णा त्यातली दोन तिथेच काटून घरी आले. भाजीवाल्याला ते चांगला टोमॅटो कुठला असं विचारत नाहीत, वाईट कुठला ते विचारतात. तो बिचारा अजून गोंधळतो.

‘किमान एक’ हे शब्द दिसले की मात्र अण्णांची कळी खुलते. किमान एक आला याची शक्यता सरळ मोजायची नाही. एकही आला नाही याची काढायची आणि ती एकातून वजा करायची. मुग्धाला हे चेंडूंवर कधी जमलं नव्हतं. अण्णांच्या गणितात चेंडू नव्हतेच. त्यांच्या गणितात त्यांचे तीन मुलगे होते.

थोरला पुण्यात, त्याची घरी येण्याची शक्यता निम्मी. मधला अमेरिकेत, एक तृतीयांश. धाकटा इथेच इंदिरानगरला, त्याची पाव. मला वाटलं, म्हाताऱ्याची काहीतरी चूक झाली. गावातला मुलगा अमेरिकेतल्यापेक्षा लांब कसा? तर अण्णा अगदी गंभीरपणे म्हणाले, मध्ये ट्रॅफिक आहे की.

“आणि तिघं स्वतंत्र आहेत हां,” त्यांनी मुग्धाला बजावलं. “एकाच्या येण्याचा दुसऱ्याशी संबंध नाही. हे धरल्याशिवाय गुणाकार करायचा नाही.”

मुग्धाने केलं. एकही न येण्याची शक्यता पाव. म्हणजे किमान एक येण्याची पाऊण.

“सरी! बरोबर!” अण्णा केवढे खूश झाले. “पाऊण म्हणजे काही कमी नाही.”

हेच गणित ते तिच्याकडून पुन्हा पुन्हा करून घ्यायला लागले, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पुढच्या महिन्यात अक्कांचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं, वर्षश्राद्ध होतं.

त्या दिवशी मुग्धाला घेऊन मी वडे तळायला खाली गेले. अण्णांनी मुलांसाठी केळीची तीन पानं मांडून ठेवली होती. गुरुजींनी विचारलं, थांबायचं का? अण्णा म्हणाले, स्वल्प थांबू. मग फोन यायला लागले. आधी थोरल्याचा, मग धाकट्याचा, शेवटी अमेरिकेचा. अण्णांना कमी ऐकू येतं, त्यामुळे फोन स्पीकरवर. तिघांनाही अडचण होती, आणि तिघांनीही एकच विचारलं, “बाकीचे दोघं आलेत ना?”

“आलेत की,” अण्णांनी तिघांनाही सांगितलं. “तू मनाला लावून घेऊ नको.”

मुग्धा माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, “आई, ते स्वतंत्र नाहीयेत गं. प्रत्येक जण दुसऱ्यांच्या भरवशावर राहिला. गणित मांडतानाच चुकलं.”

मी तिला गप्प बस म्हटलं. मला त्या तिघांचा इतका संताप आला होता की कढईतला घाणा करपला. अण्णांनी तिन्ही पानं स्वतःच उचलली आणि गुरुजींना सुरू करा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मुग्धा नेहमीसारखी शिकवणीला गेली. मी उरलेली खीर द्यायला गेले, तेव्हा दोघं टेबलाशी बसले होते. नवीन प्रश्न होता, चेंडूंचाच. मुग्धाने सवयीने पेन्सिल उचलली आणि पहिल्या फटक्यात शून्य काटलं.

अण्णांनी खोडरबर घेतला आणि ती रेघ पुसून टाकली.

“स्वल्प थांब गं,” ते म्हणाले. “शून्य काटू नको. असू दे ते.”