नकाशावर बसणारे म्हात्रेकाका

म्हात्रेकाका सरकारी नकाशावर बसत. चपला काढून, मांडी घालून.

सरकार, महापालिका आणि एक संस्था यांनी मिळून आमच्या डोंबिवलीत एक उपक्रम काढला होता. प्रभागाच्या पाण्याचा आराखडा म्हणे लोकांनीच करायचा. शाळेच्या हॉलमध्ये जमिनीवर भलामोठा नकाशा अंथरलेला असे आणि रहिवाशांनी त्यावर रंगीत टिकल्या लावून पाण्याचे प्रश्न दाखवायचे. काकांच्या गावठाणातली विहीर त्या नकाशावर नव्हती. तिथे कोरी जागा होती. काका नेमके तिथे बसत.

"काका, उठा ना. टिकल्या लावायच्यात."

"मीच विहीर हाय. माझ्यावर लावा."

पत्नी गेल्यापासून मी अशा सभांना जात असे. तिथे 'कसे आहात' असे कोणी विचारत नाही. मागच्या खुर्चीवरून मी चार सभा पाहिल्या. दर सभेला साहेब नवा, नकाशा तोच. नव्या साहेबाला काका आधी विचारत, "आंघोळ केलीत का? कुठल्या पाण्यानं?"

एकदा संस्थेची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "काका, तुमची व्यथा आम्ही नोंदवली आहे."

"व्यथा राहू दे, बाय. विहीर नोंदव."

हॉल हसला. मीही हसलो, त्याची आज लाज वाटते. मे महिन्यात नळ कोरडे पडले की आमच्या तीन इमारती त्याच विहिरीच्या पाण्यावर दिवस काढत. हे सगळ्यांना ठाऊक होते. सभेत एकजणही बोलला नाही. मीसुद्धा नाही.

आराखडा छापून आला. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर हंडा घेतलेली हसरी बाई. आत विहिरीच्या जागी 'प्रस्तावित वाहनतळ'. शेवटी 'लोकसहभागातून तयार' असे लिहून खाली आमच्या सह्या. त्या हजेरीच्या सह्या होत्या, चहा देण्यापूर्वी घेतलेल्या! निर्लज्जपणाची इतकी सुबक छपाई मी पाहिली नव्हती.

विहीर बुजवायला राडारोडा भरलेला पहिला डंपर आला, तेव्हा काका विहिरीच्या काठावर उभे होते. आता शिव्या ऐकायला मिळणार म्हणून आमच्या इमारतींच्या गॅलऱ्या भरल्या.

काकांनी डंपरवाल्यापुढे हात जोडले.

"दादा, जरा थांबशील? आत कासव हाय. पाणी नितळ राहावं म्हणून आमच्या हिनं सोडलेलं. ती गेली, ते राहिलंय."

चार सभांत हे त्यांनी एकदाही सांगितले नव्हते.

डंपरवाल्याने इंजिन बंद केले. मी खाली उतरलो आणि काकांच्या मागे टोपलीचा दोर धरून उभा राहिलो. त्यांनी टोपली पाण्यात सोडली, वाकले, आणि मी कधीच न ऐकलेल्या आवाजात म्हणाले, "ये रं बाबा. घरी जाऊ."