आलेपाकाचा बैल

तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन येणाऱ्या पोरांच्या हातावर आलेपाकाची एकेक वडी ठेवायची, एवढंच प्रणितच्या मनात होतं. त्याचा मोठा भाऊ प्रफुल दरवर्षी ठेवायचा. प्रफुल यंदा उन्हाळ्यात गेला, आणि अंगणवाडीला झुला घेऊन द्यायचं त्याचं बोलणं तसंच राहिलं. प्रणितला वाटलं, वड्या कशाला? अख्खा बैलच करू! तुकडे विकू, झुला आणू! (प्रणितला काही वाटलं की त्याला थांबवणारा माणूस एकच होता, आणि तोच नव्हता.)

पोंभुर्ण्याची ती गल्ली कामाला लागली. शेजारच्या लटारूभाऊंनी बांबूचा सांगाडा विणला. प्रफुलची बायको मंजुषा गूळ-खोबऱ्याचा पाक करून द्यायची. त्यात आलं मिसळून थापायचं काम प्रणितचं. बोटं भाजत होती तरी तो नाचत होता.

"वहिनी, अजून आणा! वशिंड बाकी आहे!"

"भाऊजी, बैल करून राह्यले का हत्ती?"

बैल असा देखणा झाला की पोरं आपापले लाकडी बैल विसरली. फोटो चांगला येईल म्हणून प्रणितनंच म्हाताऱ्या सुगंधाबाईंना ओवाळायला लावलं. बाईंनी कुंकू लावलं, गल्लीनं हात जोडले. प्रणितनं सुरी उचलली.

"अबे थांब!" बाई कडाडल्या. "आत्ता पुजलेला बैल कापते का कोणी?"

"बाई, गुळाचा आहे तो!"

"शिंगं आहेत ना त्याले?"

"मी नाई खात बावा," लटारूभाऊ मागे सरकले. पाठोपाठ गल्लीही सरकली. प्रणितच्या डोळ्यांसमोरून झुला हलत हलत निघून गेला.

तेवढ्यात दमट हवेनं पाझरलेला बैलाचा कान अलगद सुटला आणि खालच्या केळीच्या पानावर पडला. सगळे सुगंधाबाईंकडे बघू लागले. बाईंनी बराच विचार केला.

"बैलानं आपल्या मनानं देलं, त परसाद."

मग काय! डब्यात नोटा पडू लागल्या. "शेपूट माझी!" "वशिंड आमच्या घरी!" प्रणित कबड्डीची मॅच असल्यासारखा ओरडत होता, "शिंग हललं, शिंग हललं!" लटारूभाऊ कोपरानं सांगाडा हळूच ढोसत होते. (बाईंनी ते पाहिलं आणि पदर डोळ्यांवर ओढून घेतला.)

संध्याकाळपर्यंत झुला पक्का झाला. उरलेला एक खूर प्रणितनं वहिनीच्या हातावर ठेवला. "खा वहिनी, दादाच्या हातची चव!"

मंजुषानं खाल्लं. थांबली. आणि प्रफुल गेल्यापासून पहिल्यांदाच, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

"भाऊजी, आलं कुठी आहे यात?"

प्रणित घरात धावला. आल्याची पिशवी दारामागे होती, गाठ न सोडलेली.

"लटारूभाऊ!" तो बाहेर येऊन ओरडला. "सगळ्या गावानं खाल्लं, मले एकानं तरी सांगितलं काऊन नाई?"

लटारूभाऊंनी बोटं चाटली.

"परसादाले नावं ठेवते का बे कोणी?"