घोडेस्वाराचा रिकामा हात

निमोण्याच्या रोहिदासनं आयुष्यात एकच निर्णय कुणाला न विचारता घेतला, तो असा, की काउबॉयचा हात रिकामा ठेवायचा नाही.

त्याचं झालं असं. जवळच्या कारखान्यातला कुणी परदेशी साहेब गाशा गुंडाळून मायदेशी गेला, तेव्हा त्याच्या घरातली प्लॅस्टिकची जुनी खेळणी भंगारात आली आणि भंगारातून रोहिदासकडं. बोटभर उंचीची माणसं, डोक्यावर मोठ्या टोप्या, बसायला वेगळे घोडे. बंदुका मात्र सगळ्या हरवलेल्या. एवढी रागानं मुठी वळलेली माणसं, पण हातात काहीच नाही. (रोहिदास शिरूरच्या एका पतसंस्थेत क्लार्क होता, त्याला हे दुःख ओळखीचं वाटलं.) त्यानं त्यांच्या मापाचं एक पिस्तूल मागवलं. मग दुसरं. मग कुऱ्हाडी, धनुष्यं, तांदळाएवढे चाकू. बायकोचा, म्हणजे सारिकाचा, मसाल्याचा डबा त्यानं ढापला. जिऱ्याच्या वाटीत पिस्तुलं, मोहरीच्या वाटीत चाकू.

या नादात माणूस संशयी होतो. चाकू उडतील म्हणून घरात पंखा बंद. स्वयंपाकघरात भांडं वाजलं तरी हा पळत येऊन डबा तपासायचा.

शेवटी उरला एक घोडेस्वार. त्याच्या मुठीला बारीक भोक होतं आणि त्यात बसणारी रायफल होती फक्त दौंडच्या शंकररावांकडं. शंकरराव रेल्वेतले निवृत्त गार्ड, याच नादातले, आणि संशयात रोहिदासचे थोरले बंधू शोभावेत असे. कुरियरवर त्यांचा विश्वास नव्हता आणि रोहिदासवर तर नव्हताच. पिस्तुलांच्या बदल्यात रायफल द्यायला ते खंडेनवमीला सकाळी स्वतःच एसटीनं आले.

बाहेरच्या खोलीत टीपॉयवर घोडेस्वार मांडलेला होता; त्याच्याशेजारी त्यांनी काडेपेटी उघडून कापूस बाजूला केला. आत रायफल! रोहिदासला गहिवरून आलं.

"हात धुतल्याबिगर शिवायचं न्हाई," शंकरराव म्हणाले. "घामानं रंग जातो."

रोहिदास मोरीकडं निघाला. तो गेल्यावर आपण एकटे बसलो तर उगाच आळ यायचा, म्हणून शंकररावही मागोमाग निघाले. तेवढ्यात त्यांना नॅपकिन आठवला, तो घ्यायला ते बाहेरच्या खोलीत जाऊन आले. हात पुसून दोघं परत येऊन बघतात, तर टीपॉयवर नुसता घोडा! स्वार नाही, रायफल नाही.

"शंकरराव," रोहिदासनं विचारलं, "नॅपकिन सापडला का?"

"म्हंजी? माझीच रायफल मी चोरंन व्हय?"

"रायफल तुमची, पण स्वार माझा हाय!"

"अहो, ऐका तरी," सारिका दारातून म्हणाली, "आत्याबाईंनी मघाशी..."

"तू मधी बोलू नको! पाहुणं, खिसं दाखवा."

"आधी तुमचं दाखवा."

दोघांनीही खिसे उलटे केले. तंबाखूची पुडी, चुन्याची डबी, एसटीचं तिकीट, गुडघ्याच्या गोळ्या. शंकरराव रागानं गप्प झाले. रोहिदासच्या डोक्यात आलं, हे गप्प का? तोंडात काहीतरी आहे.

"तोंड उघडा."

"अहो!" सारिका पुन्हा म्हणाली. "आत्याबाई..."

"गप गं!"

 शंकररावांनी दोन्ही कवळ्या काढून टीपॉयवर, घोड्याशेजारी ठेवल्या. तोंडात बाकी काही नव्हतं. रोहिदासनं तरीही वाकून बघितलं.

"या रं समदी," आतून रोहिदासची आई, म्हणजे सारिकाच्या आत्याबाई, झुंबरबाई ओरडली. "पूजा मांडलीया!"

पाटावर कोयता, खुरपी, विळी, मोटरसायकलचे पाने. त्यांच्यापुढं मसाल्याच्या डब्यातली सगळी पिस्तुलं, चाकू आणि कुऱ्हाडी ओळीनं, प्रत्येकावर हळदीकुंकू आणि झेंडूची पाकळी. मधोमध रायफल. आणि रायफलीशेजारी स्वार, हातात पेटलेली उदबत्ती घेऊन!

"वरीसभर हत्यारं गोळा करतूस, आन् पूजेला एक काढून देत न्हाईस," झुंबरबाई म्हणाली. "मीच आणली. ह्या बाबाच्या मुठीला भोक व्हतं, म्हणलं उदबत्तीसाठीच असंल. बुडाची काडी मोडून खोचली."

"तेच सांगत हुते मी," सारिका पुटपुटली.

उदबत्ती निम्मी जळून गेली होती. ठिणगी मुठीकडं निघाली होती. रोहिदासनं हात पुढं केला, त्यावर फटका बसला.

"आरती झाल्याबिगर पूजेला शिवायचं न्हाई!"

रोहिदासनं आरती धरली ती एक्सप्रेसच्या वेगानं. गणपतीची झाली, देवीची झाली, खंडोबाची तर त्यानं श्वास न घेता उरकली. ठिणगी मुठीपासून दाण्याएवढी लांब असताना त्यानं कापराकडं हात नेला. वाचला! वाचला बिचारा!

तेवढ्यात शंकररावांनी टीपॉयवरून उचलून आणलेल्या दोन्ही कवळ्या शांतपणे बसवल्या.

"आक्का, आता शंकराचीबी होऊ द्या की," ते म्हणाले. "आन् मग ज्योतिबाची. सावकाश म्हणू. सणाचा दिस हाय."

झुंबरबाईला पाहुणा फार आवडला. गार्डसाहेबांनी एकेक शब्द लांबवून, डोळे मिटून म्हटला. मधूनच एक डोळा उघडून उदबत्तीकडं बघितलं. तिसऱ्या कडव्याला प्लॅस्टिकचा वास सुटला. चौथ्याला मूठ वाकली, वितळली आणि टपकन पाटावर पडली.

आरती संपली. शंकररावांनी रायफल उचलली, कुंकू पुसलं, काडेपेटीत ठेवली आणि काडेपेटी खिशात घातली.

"ही बसवायला आता तुमच्याकडं मूठ कुठं राहिलीय?" ते म्हणाले. "येतो मी."

रोहिदास त्या थोट्या घोडेस्वाराकडं बघत तसाच उभा राहिला. त्याला खरंच रडू येत होतं. शेवटी झुंबरबाईनं त्याला कोपरानं ढोसलं.

"नुसता बघतूस काय? त्याचा हात गेला, तुझं दोन शाबूत हायती न्हवं? पाहुण्यांना जोड की!"