बापूराव गुरुजींचं वादळ

रोशनीच्या लग्नाच्या आदल्या दुपारी बापूराव गुरुजींनी परसातल्या भिंतीवरची यंत्रं पाहिली आणि त्यांच्या हातातला अडकित्ता थांबला. सकाळीच चाळिशी ओलांडलेला पारा तेहतिसावर आला होता. दमटपणाचा काटा टोकाला टेकला होता. वाऱ्याची चक्री गरागरा फिरत होती, तीही पूर्वेच्या वाऱ्यानं.

गुरुजी निवृत्त शिक्षक आणि ‘ब्रह्मपुरी हवामान मंडळ’ या व्हॉट्सॲप गटाचे प्रमुख. ब्रह्मपुरीचं तापमान चंद्रपूरपेक्षा कमी भरलं की त्यांचं जेवणावरून मन उडे. सध्या सगळं मंडळ बंगालच्या उपसागरातल्या वादळावर डोळा ठेवून होतं. बातम्यांत ते ओडिशाकडे चाललं होतं.

“वादळ इकडं वळलं,” गुरुजींनी जाहीर केलं. “उद्या संध्याकाळी मांडव उडते.”

“यंत्र सोडा, आंगनात उभे राहून पाहा,” त्यांची बायको ठमाबाई म्हणाली. “चामडी भाजून राह्यली.”

“चामडी फसवते. यंत्र फसवत नाई.”

लग्न संध्याकाळचं, उघड्या मैदानातलं. एकुलत्या एका लेकीचं लग्न चिखलात होणार या विचारानं गुरुजींचा जीव कासावीस झाला. त्यांनी माजरीला व्याह्यांना फोन लावला.

“लग्न दुपारी बाराले लावू.”

“बाराले? मे महिन्यात?”

“आपण मुहूर्त पाहत नाई भाऊ, विज्ञान पाहतो.”

व्याही कबूल झाले. बौद्धांच्या घरचं लग्न, वेळ फिरवायला कशाचीच आडकाठी नव्हती. दुसऱ्या घरी पंचांगानं तरी गुरुजींना अडवलं असतं. मंडळाच्या गटावरही इशारा गेला आणि गच्चीगच्चीवरची वाळवणं घरात आली.

दुसऱ्या दिवशी बाराला वरात आली. बँडवाल्यांना तापलेले बाजे ओठाला लावता येईनात, म्हणून नुसता ढोल वाजला. राजदीप नवरदेव कोटात उकडून निघाला. त्याचा मामा लोखंडी खुर्चीवर बसला आणि बसल्या क्षणी उठला. मावशी तर मांडवातच आडवी झाली.

तेव्हा शेजारचा डोमा धावला आणि आपला कूलर ओढत घेऊन आला. गार वारा सुटला. मावशीनं डोळे उघडले आणि नाकाला पदर लावला.

“डोमाभाऊ, याले शेणाचा वास काऊन येते?” गुरुजींनी विचारलं.

“म्हशीले लावला होता ना, गुरुजी. नवीन म्हैस हाय, गरमीनं दूधच देऊन नाई राह्यली. काल दुपारपासून गोठ्यात लावला, तुमच्या भिंतीच्या पूर्वेले. भिंतीच्या जाळीतून तुमच्या परसातबी हवा येत असन. तुमाले काई तरास तर नाई ना?”

गुरुजी तडक घरी परसात गेले. पारा सत्तेचाळिसावर होता. चक्री निपचित होती. म्हशीच्या कूलरपायी आपण पोटच्या पोरीला भर उन्हात उभं केलं, या विचारानं त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. व्याह्यांना हे सांगायची छाती नव्हती, पण मंडळाशी खोटं बोलणं त्यांच्यानं होईना. त्यांनी गटावर लिहिलं, ‘वादळ रद्द. निर्धास्त वाळवणं घाला.’ घराघरांतले पापड, कुरड्या पुन्हा गच्चीवर गेल्या.

पंगती उठल्या, रोशनीची पाठवणी झाली. संध्याकाळी पूर्वेकडून आभाळ काळंकुट्ट झालं आणि असं वादळ आलं की रिकामा मांडव उडून डोमाच्या गोठ्यावर जाऊन बसला.

पाऊस थांबतो न थांबतो तोच व्याह्यांचा फोन आला. “गुरुजी, तुमी म्हणून वरात सुखरूप घरी पोचली. सारी माजरी तुमचं नाव घेऊन राह्यली.”

तेवढ्यात ठमाबाई दारातून आत आली. “मंडळातल्या साऱ्याइच्या बायका फाटकात उभ्या हायेत. एकेकीच्या हाती भिजलेल्या पापडाचं टोपलं हाय. तुमालेच बलावून राह्यल्या.”

गुरुजींनी खिडकीतून पाहिलं आणि फोन पुन्हा कानाला लावला.

“भाऊ,” ते हळूच म्हणाले, “रोशनीसंगं पाठराखीण पाठवायची राह्यली. मीच येऊन राह्यलो.”