आठशे रुपयांची तालीम

मंगळवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी खंडेरावांनी दुधाची पिशवी कापली, चहा केला आणि रेडिओवरच्या बातम्या संपेपर्यंत कुंड्यांना पाणी घातले. येथवर ती सकाळ त्या घरातल्या कोणत्याही सकाळीसारखी होती. त्यानंतर मात्र खंडेराव आणि त्यांच्या पत्नी सिंधुबाई या दोघांनी पाठीवर सॅक चढवल्या, आणि स्वतःच्याच गावात परदेशी म्हणून ते बाहेर पडले.

जिल्हा परिषदेत तेहतीस वर्षे रस्त्यांचे नकाशे काढून निवृत्त झालेल्या खंडेरावांनी सहा महिन्यांच्या भटकंतीचा बेत आखला होता. नेपाळ, थायलंड, लाओस, कंबोडिया, व्हिएतनाम. स्वस्त मुक्काम, दोघांचा मिळून रोजचा खर्च आठशे रुपये. वहीत प्रत्येक देशाला वेगळे पान होते. सिंधुबाईंना मनमाडला गाडी बदलायची म्हटले तरी आदल्या दिवसापासून जेवण जात नसे. त्यांच्यावाचून खंडेराव जाणार नव्हते, आणि सिंधुबाईंची अट एकच होती.

"आधी आठ दिवस नाशकात रोज आठशेत राहून दाखवा. घरी यायचं नाही, घरचं खायचं नाही. जमलं तर मी पासपोर्टचा फॉर्म भरते. नाही जमलं, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

"कबूल. नाशिक म्हणजे परदेशच समजायचा," खंडेराव म्हणाले होते.

ही समजूत पंचवटीतल्या धर्मशाळेच्या दारापर्यंत टिकली. तिथला व्यवस्थापक पुंजा हा खंडेरावांच्याच खात्यातला जुना शिपाई निघाला. दोन सॅक पाहून तो उठून उभा राहिला.

"साहेब, ह्या वयात? पोरानं घराबाहेर काढलं?"

"अरे, छे! आम्ही खर्चाचा अंदाज घेतोय."

"समजलं साहेब. नका सांगू." पुंजाने पावतीपुस्तक मिटले. "कोपऱ्यातली खोली तुमची. पैशाचं नाव नाय काढायचं."

खोलीभाड्याच्या रकान्यात शून्य आले. पुंजाच्या बायकोने पिठलं-भाकरी पाठवली, म्हणून जेवणाच्या रकान्यातही शून्यच. रिक्षावाला शेजाऱ्यांचा भाचा होता. त्याने भाडे घेतले नाही, उलट आवाज खाली आणून विचारले, "काका, वकील बघायचा का?" दिवसाचा खर्च सहा रुपये झाला, दोन चहा, आणि तेही चहावाला गावात नवा होता म्हणून.

गुरुवारपर्यंत बातमी दिंडोरीला पोहोचली. खंडेरावांची धाकटी बहीण मंगलाबाई द्राक्षांची पेटी घेऊन थेट भावाच्या घरी येऊन थडकली आणि तिने खंडेरावांच्या मुलाला दारातच धरले.

"रोहित, माझा दादा धर्मशाळेत अन् तू इथं टीव्ही बघतो व्हय रे?"

"आत्या, ते परदेशी जायची तालीम करतायत!"

"परदेशी जाणारा माणूस विमानतळावर जातो. पंचवटीत कशाला जाईल?"

रोहितची बायको उज्ज्वला तीन दिवसांत अकरा माणसांच्या समजुती घालून थकली होती. समजूत घालायला आलेला प्रत्येक जण चहा घेऊन जात होता, आणि जाताना तिच्याकडे असे बघत होता की चहाही फुकट गेला असे तिला वाटे.

संध्याकाळी रोहित आत्याला घेऊन धर्मशाळेत आला.

"आप्पा, तीन दिवसांचा खर्च किती झाला तुमचा?"

"अठरा रुपये."

"माझा सातशे चाळीस. चहा, साखर, आत्याच्या जीपचं भाडं. कंपनीत साहेबांनी बोलावून आईवडिलांवर अर्धा तास ऐकवलं, ते निराळंच. पाया पडतो, घरी चला."

खंडेरावांनी वही मिटली. आठशेत भागते का, हे पाहायचे होते. अठरा रुपयांनी काहीच सिद्ध होत नव्हते. "अट मोडली," ते सिंधुबाईंना म्हणाले. "विषय संपला." नकाशावरची चुकलेली रेघ खोडताना ते याच आवाजात बोलत, हे सिंधुबाईंना माहीत होते.

त्यांनी सॅक पाठीवर चढवली. मंगलाबाईने त्यांच्या पाठीवरून सॅक ओढली. "वहिनी, तुम्ही कशाला उचलता? द्या इकडं." सॅक गेली, पाठ मात्र थोडा वेळ तशीच ताठ राहिली.

शुक्रवारी सहा वाजून दहा मिनिटांनी खंडेरावांनी दुधाची पिशवी कापली, चहा केला. बातम्या संपल्या, कुंड्यांना पाणी घालून झाले. त्यांनी वही कपाटात सर्वांत खाली ठेवली. साडेदहाच्या सुमारास सिंधुबाई कुठे तरी जाऊन आल्या, थेट कपाटाकडे गेल्या, आणि वही काढून टेबलावर घेऊन बसल्या. पिशवीतून त्यांनी एक लहान पाकीट आणि पासपोर्टचा एक कोरा फॉर्म काढला. पाकिटात त्यांचेच फोटो होते. पांढऱ्या पडद्यापुढचे, दोन्ही कान दिसणारे, घाबरलेले.

"तीस रुपये लिहा," त्या म्हणाल्या. "स्टुडिओवाला रोहितच्या वर्गातला निघाला. घेतच नव्हता."

"मग?"

"घ्यायला लावले. दहा मिनिटं भांडले त्याच्याशी." त्यांनी चष्मा पुसला. "तीन दिवस एकानंही मला पर्स उघडू दिली नाही हो. जिथं कुणी ओळखत नाही, तिथंच जाऊन बघू आता."

मग खंडेरावांची वाट न पाहता त्यांनी स्वतःच अठराच्या खाली तीस लिहिले, फॉर्म पुढे ओढला, आणि पहिल्या चौकटीत सावकाश आपले नाव भरायला घेतले.