काउंटरवर सावली पडता कामा नये

कँटीनमध्ये नवा काउंटर आला आणि मॅनेजरची झोप उडाली. मागच्या तपासणीत जुन्या काउंटरवर नको ते जंतू सापडले होते. पुन्हा सापडले तर कँटीन बंद. कँटीन मेहुण्याचं, नोकरी बायकोच्या शब्दावर मिळालेली. टाळं लागलं असतं तर घरी तोंड दाखवायची सोय नव्हती.

काउंटर मोठा गुणी होता. त्याच्यावरच्या लेपावर उजेड पडला की जंतू आपोआप मरायचे. अंधारात मात्र याचा उपयोग नाही, असं विकणारा जाता जाता बोलून गेला. दुसऱ्या कुणी एखादा दिवा लावून विषय संपवला असता. मॅनेजरनं त्या वाक्याचा ध्यासच घेतला.

आधी खिडक्यांचे पडदे गेले, मग छतभर ट्यूबा आल्या. मग त्याच्या लक्षात आलं, की भाजी चिरताना आचारी मावशी पुढं वाकतात आणि त्यांची ऐसपैस सावली थेट काउंटरवर पडते. त्यानं त्यांना मागं रेलून, हात लांब करून चिरायला सांगितलं. मावशींनी तेही करून पाहिलं. अर्धा कोबी जमिनीवर गेला.

उरलेल्या अर्ध्या कोबीकडे पाहून मॅनेजरनं कपाळाला हात लावला. "अहो मावशी, या कोबीखाली अंधारच की! तिथं जंतू मजेत राहणार."

"मग कोबी काउंटरवर ठेवूच नको?"

"नका ठेवू."

"मग काउंटर काय नुसता बघायला आणलाय?"

यावर मॅनेजरनं मोठ्या मनानं केबिनमधलं स्वतःचं टेबल देऊ केलं. फायलींशेजारी कांदे आले, फोनला टेकून टोमॅटो बसले. मॅनेजर डोळे पुसत बिलं तपासू लागला, तेव्हा येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटलं, धंदा बुडाला बिचाऱ्याचा. काउंटरवर मात्र तो माशीची सावली पडू देईना.

तपासनीस बाई आल्या. त्यांनी काउंटरवर कापसाचा बोळा फिरवून हातातल्या यंत्रात घातला आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. इतका स्वच्छ काउंटर त्यांनी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता. मॅनेजरला आकाश ठेंगणं झालं. बाई मात्र खाली वाकून काउंटर निरखत होत्या. सुरीचा एक ओरखडा दिसेना.

"भाजी कुठं चिरता तुम्ही?"

मॅनेजर छताकडे बघू लागला. मावशींना खोटं बोलणं जमत नसे.

"केबिनमध्ये. साहेबांनी स्वतःचं टेबल दिलं हो. मन फार मोठं त्यांचं."

बाईंनी टेबलावर बोळा फिरवला. यंत्र जे बोंबलायला लागलं, ते थांबेचना.

कँटीन वाचलं. केबिनला मात्र सील लागलं. मावशी नव्या काउंटरवर खटाखट कोबी चिरू लागल्या आणि मॅनेजर फायली पोटाशी धरून दारात उभा राहिला. मावशींना दया आली. त्यांनी त्याला एक स्टूल दिलं, आणि बसलाच आहात तर एवढे बटाटे सोला म्हणून पातेलंही पुढ्यात सरकवलं.

नेमका तेव्हाच मेहुणा आत डोकावला. बाहेर जाऊन त्यानं बहिणीला फोन लावला.

"ताई, दाजी कामाला लागले गं."

पलीकडे ताईंना आनंदानं रडू फुटलं.